पहिली ठासणीची रायफल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, रायफलींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शस्त्राचा परवाना आणि दारूची साठवण यांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे त्यांची चौकशी पैसे मोजण्याआधी करावी, एवढे सांगून मूळ विषयाकडे वळतो.

प्रश्न : मी काही वर्षे एअर रायफल आणि .२२ रायफलने नेमबाजी करीत आहे. आता ठासणीची रायफल घेण्याचा विचार पक्का झाला आहे. ५० ते १०० मीटरवर कागदी लक्ष्यावर नेम धरावा आणि जमल्यास पुढे एखाद्या स्पर्धेत उतरावे, एवढीच अपेक्षा आहे. शिकार करायची नाही. मात्र कॅलिबर, नळीचा पीळ, लांबी, चापाचा प्रकार यांचे इतके पर्याय समोर येतात की सुरुवात कोठून करावी हेच समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सुरुवात रायफलीपासून न करता गोळीपासून करावी. काडतुसाच्या रायफलीत गोळी, दारू आणि नळी यांचा मेळ कारखान्याने घालून दिलेला असतो; ठासणीच्या रायफलीत तो प्रत्येक बाराला आपल्यालाच घालावा लागतो, आणि नळी एकदा विकत घेतली की त्यातला निम्मा भाग कायमचा ठरून जातो. म्हणून वंगण लावलेल्या कापडी चकतीत बसवलेली शिशाची गोल गोळी उडवायची की लांबट गोळी, हे आधी ठरवावे. आपल्या गरजेसाठी माझे मत निःसंदिग्धपणे गोल गोळीच्या बाजूने आहे. तिला शिसे कमी लागते, ती घरी ओतता येते, दारूचे माप बेताचे पुरते आणि धक्का सौम्य असतो. नळीतल्या खाचा शिशाला न पकडता कापडाला पकडतात, त्यामुळे नळीत शिसे साचत नाही. शिवाय उडालेली चकती काही मीटरवर जमिनीवर सापडते, आणि ती वाचता येते. चकती करपलेली असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण अपुरे आहे असे समजावे. तिच्यावर कापल्याच्या रेघा असतील तर नळीच्या तोंडाच्या कडा धारदार राहिल्या आहेत. मध्यभागी काळा डाग आणि भोवती शाबूत कापड असेल, तर भरणी जमली. नवशिक्याला इतका प्रामाणिक गुरू दुसऱ्या कोणत्याही गोळीत मिळत नाही.

गोळी ठरली की पीळ आपोआप ठरतो. पीळ म्हणजे गोळीला एक पूर्ण फेरा मिळण्यासाठी नळीची किती लांबी लागते त्याचे माप. गोल गोळीला स्थिर राहण्यासाठी थोडीच गिरकी पुरते, म्हणून तिच्यासाठी ६० ते ७२ इंचांत एक फेरा असा मंद पीळ आणि कापड सामावून घेणाऱ्या खोल खाचा योग्य ठरतात. लांबट गोळी मंद पिळातून सुटली की हवेत डगमगते. तिला जलद पीळ आणि उथळ खाचा लागतात. उलट जलद पिळाच्या नळीत गोल गोळीमागे दारू वाढवली, तर चकती खाचांची पकड सोडून सरळ घसरत जाते आणि लक्ष्यावरची भोके पांगतात. ४८ इंचांत एक फेरा हा बाजारात सर्वाधिक दिसणारा पीळ दोन्हींमधली तडजोड आहे. गोल गोळी त्यातून बेताच्या दारूवर चांगली जाते आणि आखूड लांबट गोळीही चालते, म्हणून आपल्याला दुसरी नळी मिळत नसेल तर तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘कोणतीही गोळी चालते’ अशी जाहिरात वाचून मात्र रायफल घेऊ नये.

आता कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचा इंचांतला व्यास. साधारणपणे .४५ कॅलिबरची गोल गोळी १२८ ग्रेनची, म्हणजे सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास, .५० ची सुमारे १७७ ग्रेनची आणि .५४ ची २२४ ग्रेनची असते. व्यासात फरक थोडा वाटतो, पण वजन व्यासाच्या घनाने वाढते. केवळ ५० मीटरवर नेम धरायचा असेल तर .४५ उत्तम आहे. १०० मीटरवर वारा असेल तर तिची हलकी गोळी बाजूला ढकलली जाते. .५४ वाऱ्याला अधिक दाद देत नाही, पण शिसे आणि दारू दोन्ही अधिक खाते. आपल्यासाठी .५० हा मधला मार्ग आहे. त्याच्या गोळ्या, साचे आणि साफसफाईचे साहित्य सहज मिळते, हेही कारण कमी महत्त्वाचे नाही. येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. एकाच प्रतिमानाच्या अष्टकोनी नळ्यांची बाहेरची जाडी बहुधा सारखीच असते आणि फक्त आतले छिद्र बदलते, त्यामुळे लहान कॅलिबरच्या रायफलीत पोलाद अधिक उरते आणि ती मोठ्या कॅलिबरच्या रायफलीपेक्षा जड भरते. ‘.४५ म्हणजे हलकी रायफल’ हा समज म्हणूनच खोटा ठरतो.

लांबीविषयी फार चिंता करू नये. २८ ते ३२ इंचांची नळी उभ्याने नेम धरायला आणि ठासायला सोयीची पडते. अठराव्या शतकातील पेनसिल्व्हेनिया धाटणीच्या लांब रायफली देखण्या आहेत, पण त्यांची नळी ४० इंचांच्याही पुढे जाते आणि मध्यम उंचीच्या माणसाला तिच्या तोंडाशी हात उंच धरून दारू ओतावी लागते. दस्त्याकडे मात्र बारकाईने पाहावे. एकोणिसाव्या शतकात सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी प्रसिद्ध केलेल्या धाटणीत दस्त्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी खोल पट्टी असते. ती खांद्याच्या खोबणीत न लावता दंडाच्या वरच्या भागावर टेकवायची असते. आधुनिक सवयीने खांद्यात रोवली तर तिची टोके दुखवतात. दोन चापांची व्यवस्था असेल तर मागचा चाप ओढून पुढचा हलका करता येतो. लक्ष्यवेधासाठी ती उपयुक्त आहे, पण मागचा चाप न ओढताही पुढचा चाप काम करतो का, हे घेतानाच पाहून घ्यावे.

स्पर्धेची इच्छा आपण व्यक्त केली आहे, म्हणून इनलाइन रायफलीविषयी दोन शब्द. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा हातोडा, बाजूला न ठेवता नळीच्या सरळ रेषेत मागून ठिणगी देणारी ही आधुनिक रचना १९८५ मध्ये टोनी नाइट यांच्या एमके-८५ या रायफलीपासून अमेरिकेत लोकप्रिय झाली. ठासणीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेल्या शिकारीच्या हंगामात अधिक पल्ला मिळावा, हा तिचा हेतू होता आणि तो तिने साधला. परंतु एमएलएआयसी या ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा ऐतिहासिक बंदुका आणि त्यांच्या प्रामाणिक प्रतिकृती यांच्याच आहेत. तेथे इनलाइन रायफलीला जागा नाही. आपण बाजूला घोडा असलेलीच रायफल घ्यावी.

प्रश्न : मला जुन्या धाटणीची ओढ आहे आणि गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची रायफल घ्यावी असे वाटते, पण मित्र घोड्याच्या आघाताने फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणाऱ्या, म्हणजे टोपीच्या, रायफलीचा आग्रह धरतात. पहिली रायफल म्हणून चकमकीची रायफल खरोखरच अवघड आहे का?

उत्तर : अवघड आहे, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपल्याला कोणती दारू मिळू शकते हा आहे. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेट घेण्यासाठी खऱ्या काळ्या दारूपेक्षा अधिक तापमान लागते. टोपीच्या जोरदार ज्वाळेने ती पेटते. चकमकीच्या रायफलीत नळीच्या बाजूच्या वाटीत, म्हणजे कानात, ठेवलेल्या बारीक दारूच्या, म्हणजे रंजकाच्या, झुळकीने ती भरवशाने पेटत नाही. आपल्या भागात खरी काळी दारू मिळत नसेल किंवा बाळगता येत नसेल, तर चकमकीचा विषय तेथेच संपतो. ती मिळत असेल तरच पुढचे वाचावे.

चकमकीच्या रायफलीत सर्व काही लॉकवर, म्हणजे बाजूच्या ठिणगीच्या यंत्रणेवर, अवलंबून असते. गारगोटी ज्या पोलादी झाकणावर घासते ते नीट कडक केलेले नसेल, तर ठिणग्या पडत नाहीत. नळीच्या बाजूचे छिद्र रंजकाच्या पातळीशी जुळलेले नसेल, तर रंजक पेटते आणि बार होत नाही. स्वस्त टोपीची रायफल बहुतेक वेळा निदान उडते तरी. स्वस्त चकमकीची रायफल मात्र माणसाला या छंदातून उठवते. त्यामुळे अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर त्याच पैशात टोपीची रायफल अधिक चांगल्या दर्जाची मिळते, हे मित्रांचे म्हणणे योग्य आहे.

दुसरी अडचण नेमबाजाची आहे. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत जो वेळ जातो, तो चकमकीत जाणवण्याइतका असतो, आणि डोळ्यासमोरच रंजक भडकते. त्या क्षणी पापणी मिटते, मान उचलली जाते आणि गोळी भलतीकडे जाते. रंजकाचा भडका पाहून पक्षी उडून जातात, या त्राग्यातूनच स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसाइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा शोध लावला असे सांगतात. त्यांचे पेटंट १८०७ चे आहे आणि तांब्याची टोपी त्यानंतर थोड्याच वर्षांत आली. पक्ष्यांपेक्षा नेमबाजच अधिक दचकत असावेत, अशी मला शंका आहे. पण हीच अडचण शिक्षणही देते : बार झाल्यावरही माशी लक्ष्यावर रोखून धरण्याची सवय चकमकीइतकी दुसरी कोणतीही बंदूक लावत नाही.

माझा सल्ला असा की पहिली रायफल टोपीची घ्यावी आणि दारू मोजणे, ठासणे, सफाई यांची घडी बसल्यावर उत्तम लॉक असलेल्या चकमकीच्या रायफलीसाठी पैसे साठवावेत. तरीही आपण चकमकीच्याच रायफलीवर ठाम असाल, तर लाकूड, नक्षी, पितळ यांत काटकसर करावी आणि लॉकमध्ये करू नये. रंजकासाठी अगदी बारीक दाण्याची, चार ‘एफ’ची दारू वेगळी लागेल. रंजकाचा भडका बाजूलाही फेकला जातो, म्हणून उजव्या हाताला कोणी जवळ उभे नाही याची खात्री करावी. डोळ्यांना चष्मा तर दोन्ही प्रकारांत हवाच.

प्रश्न : इतिहासाच्या आवडीमुळे १८५७ च्या उठावात गाजलेल्या एनफिल्ड रायफलीची प्रतिकृती घ्यावी असे मनात आहे. पहिली रायफल म्हणून ती चालेल का?

उत्तर : चालेल, मात्र ती वेगळ्या वाटेने नेणारी रायफल आहे हे समजून घ्यावे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड .५७७ कॅलिबरची आहे. तिची नळी ३९ इंचांची, तीन खाचांची, आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा असा अतिशय मंद आहे. तिच्यासाठी बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी वापरतात. ती नळीपेक्षा किंचित लहान असल्याने सहज खाली उतरते आणि बार होताच दारूच्या दाबाने तिचे बूड फुगून खाचांत बसते. सैनिकाला घाईत, काजळी साचलेल्या नळीतही ती ठासता यावी, ही त्यामागची युक्ती होती. कागदी काडतुसाला लावलेले वंगणही त्याचसाठी होते. दातांनी फोडायच्या त्या काडतुसाच्या चरबीवरून पुढे काय घडले, ते या वाचकाला सांगण्याची गरज नाही. आजचे नेमबाज मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांचे मिश्रण वापरतात.

अडचण गोळीच्या मापात आहे. पोकळ बुडाची गोळी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांशाने लहान असली तरच ती धड फुगते, आणि एकाच नावाच्या प्रतिकृतींच्या नळ्या .५७५ ते .५८० अशा वेगवेगळ्या भरतात. म्हणून आधी आपल्या नळीचे माप घ्यावे लागते आणि मग त्या मापाचा साचा घ्यावा लागतो. दुकानात जी गोळी मिळाली ती आणून उडवणारे लोकच एनफिल्डला ‘नेम नसलेली’ म्हणतात. शिसेही मऊ आणि शुद्ध हवे. मिश्रधातूची कडक गोळी बुडाशी फुगत नाही. शिवाय मूळ लष्करी गोळी सुमारे ५३० ग्रेनची होती, म्हणजे .५० च्या गोल गोळीच्या तिप्पट. धक्का त्या मानाने येतो, जरी रुंद सपाट दस्ता आणि रायफलीचे वजन तो बराचसा गिळतात.

नेमबाजीचा विचार प्रधान असेल, तर नळी दस्त्याला बांधणाऱ्या तीन कड्यांच्या लांब एनफिल्डऐवजी दोन कड्यांची, ३३ इंचांच्या नळीची आखूड रायफल पाहावी. तिच्यात पाच खाचा आणि ४८ इंचांत एक फेरा असा पीळ असतो, आणि लक्ष्यावर ती अधिक समाधान देते. एनफिल्डच्या बाजूने आणखी एक मुद्दा असा की तिच्या टोप्या मोठ्या, कडा पसरलेल्या लष्करी धाटणीच्या असतात आणि थंडीने किंवा घामाने बोटे चाचरत असली तरी निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या छिद्राच्या बोंडीवर, नीट बसवता येतात.

प्रश्न : वापरलेली ठासणीची रायफल कमी किमतीत मिळत आहे. घेताना काय तपासावे?

उत्तर : सर्वांत आधी ती भरलेली नाही ना, हे तपासावे. हा सल्ला औपचारिक नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे खराब होत नाही, आणि भिंतीवर टांगलेल्या कित्येक जुन्या बंदुकांत जुना बार तसाच राहिलेला असतो. निपलवरची टोपी काढावी किंवा रंजकाचा कान रिकामा असल्याचे पाहावे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आणि स्वतः त्याच्या समोर न येता ठासण्याचा गज नळीत तळापर्यंत सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक निपलच्या किंवा बाजूच्या छिद्राच्या जवळपास पोहोचले पाहिजे. ते इंच-दीड इंच अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे असे धरावे आणि रायफल जाणकार कारागिराकडे द्यावी.

त्यानंतर नळी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो आणि त्यातले क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात. त्यामुळे आळशी मालकाची नळी सर्वांत आधी तळाशी, जेथे दारू जळते तेथे, गंजते. नळीच्या तोंडाशी चमकणाऱ्या खाचा पाहून समाधान मानू नये. गजाला घट्ट कापड लावून ते तळापासून तोंडापर्यंत ओढावे. ते सर्वत्र सारखेच सरकले तर उत्तम, मध्येच खरखरीत अडखळले तर तेथे गंजाचे खड्डे आहेत. थोडा वरवरचा डाग चालतो, खड्डे चालत नाहीत. मधे अचानक सैल वाटले तर नळी तेथे फुगलेली असू शकते, आणि अशी रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नये.

घोडा अर्ध्या टप्प्यावर ठेवून चाप दाबून पाहावा. तो पडता कामा नये. दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे लॉकच्या मागे, लाकडाला भेग आहे का ते पाहावे. निपल चेपलेले असेल तर घाबरू नये, ते स्वस्तात बदलता येते. सिद्धता-चाचणीचे, म्हणजे नळी जादा दाबाने तपासून घेतल्याचे, शिक्के नळीवर असावेत. शतकभर जुनी मूळ बंदूक असेल, तर ती कारागिराने तपासल्याशिवाय उडवू नये. आणि केवळ भिंतीवर शोभेसाठी बनवलेल्या नकली बंदुका तर उडवण्यासाठी नसतातच.

प्रश्न : मी डावखुरा आहे. उजव्या हाताची रायफल चालेल का?

उत्तर : टोपीची असेल तर चालेल, फक्त फुटलेल्या टोपीचे कण चेहऱ्याच्या बाजूला येऊ शकतात, म्हणून चष्मा विसरू नये. चकमकीची असेल तर डाव्या हाताचीच घ्यावी, कारण उजव्या हाताच्या रायफलीत रंजकाचा भडका आपल्या नाकासमोर होईल.

प्रश्न : सफाई फार कष्टाची असते असे ऐकतो. त्या दृष्टीने निवडताना काही पाहावे का? आणि रायफलीसोबत आणखी काय घ्यावे लागेल?

उत्तर : अवश्य पाहावे, आणि बहुतेक जण ते पाहत नाहीत. काही रायफलींत नळीच्या मागच्या टोकाला आकडा असतो, आणि आडवी पाचर काढली की नळी दस्त्यातून सहज उचलून निघते. अशा नळीचे मागचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवायचे आणि गजाला लावलेल्या कापडाने पाणी वर-खाली ओढायचे. काम थोडक्यात उरकते. ज्या रायफलींची नळी बारीक खिळ्यांनी दस्त्याला जोडलेली असते त्यांची नळी वारंवार काढू नये, त्या जागीच धुवाव्या लागतात. पहिल्या रायफलीसाठी आकड्याची नळी मी आग्रहाने सुचवीन. साबणाचे पाणी, कोरडे कापड आणि शेवटी तेलाचा हात एवढेच पुरते, पण ते त्याच दिवशी झाले पाहिजे. पुन्हा बार भरण्याआधी खनिज तेल पुसून काढावे, कारण काळ्या दारूच्या काजळीत मिसळून त्याचे डांबर होते. निपलच्या वाटेत राहिलेले तेल तर बार चुकवतेच.

सोबत घ्यायच्या वस्तूंत दारूचे आकारमानाने मोजणारे माप पहिले. पर्यायी दारूही त्याच मापाने, वजन न करता, मोजावी आणि निर्मात्याने सांगितलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. .५० कॅलिबर असेल तर ५० ग्रेनच्या मापाने सुरुवात करून लक्ष्यावरच्या भोकांचा गट कोणत्या मापाला आवळतो ते पाहावे. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. आतली एखादी विझायची राहिलेली ठिणगी सगळे शिंग पेटवू शकते. धूरविरहित दारू, कितीही थोडी असली तरी, या नळ्यांत घालू नये. गोळी नळीत सुरू करून देणारा आखूड दांडा, अडकलेली गोळी काढायचा स्क्रू, निपलची किल्ली आणि मजबूत गज घ्यावा. रायफलीबरोबर येणारा लाकडी गज तिरकस रेषेचा असेल तर तो मोडून तळहातात घुसतो, म्हणून सरावासाठी वेगळा गज बरा. त्या गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि दुसरी नीट भरलेल्या बाराची. गोळी दारूवर टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते, आणि बोलण्याच्या नादात दुहेरी बार भरणेही अशक्य नसते. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी जुळल्याचे पाहिल्याशिवाय निपलवर टोपी चढवू नये.